शब्द गोळा करणारे साहेब : जेम्स मोल्सवर्थ यांचा परिचय (इंग्रजी शब्दसंग्रहासाठी एक उपयुक्त पाठ)



रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ ही यादी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजव्या बाजूला मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ. चाचणीत दहापैकी नऊ मिळतात, घरचे खूश, आपणही खूश. पण आठ दिवसांनी त्याच मुलाला म्हणा, "बाळा, यातला एक शब्द घेऊन वाक्य बोल बघू." मूल वर बघतं, खाली बघतं आणि गप्प बसतं. शब्द पाठ आहे, अर्थ पाठ आहे, तरी तोंडातून निघत नाही. असं का होतं?

याचे उत्तर शोधायला आज आपण एका माणसाचे चरित्र पाहू. हा माणूस इंग्रज होता. तो भारतात आला तेव्हा मराठी त्याच्यासाठी पूर्ण परकी भाषा होती. पुढे त्याने मराठीचा असा शब्दकोश केला की जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही अभ्यासक तो उघडून बघतात. आणि आपल्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे या कामाचे बीज आपल्या सोलापुरात पडले. त्यांचे नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

जन्म आणि भारतात आगमन

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वीस वर्षांचे होण्याआधीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात दाखल झाले आणि भारतात आले. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर बारावी होण्याच्या वयात घर सोडून हजारो मैल दूर. सैन्यातले शिपाई इथलेच. त्यांच्याशी बोलायचे तर इथली भाषा यायला हवी. मोल्सवर्थ हिंदुस्थानी शिकले, मराठी शिकले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मन्रो यांच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. आता मराठी मुलखाचा कारभार कंपनीकडे आला. शेतसारा, कज्जे, जमिनीची कागदपत्रे, लोकांचे अर्ज, सगळे मराठीत. साहेब लोकांना भाषा कळेना तर कारभार चालणार कसा? त्यामुळे कोशाची गरज सरकारलाही होती. हे आपण लपवून ठेवायचे कारण नाही. राज्य करण्यासाठी भाषा हवी होती. पण गरज सगळ्याच साहेबांना होती आणि आयुष्याची इतकी वर्षे या कामाला देणारे थोडेच निघाले, हेही तितकेच खरे.

तोपर्यंत मराठीचे कोश नव्हतेच असे नाही. विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला एक कोश छापला होता. पुढे १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचाही एक कोश मुंबईत आला. पण हे कोश लहान होते. बाजारात, शेतात, कचेरीत कानावर पडणारे कितीतरी शब्द त्यांत नव्हते.

सोलापूरची छावणी

मोल्सवर्थ सोलापूरच्या लष्करी छावणीत होते तेव्हा त्यांना एक तरुण सोबती मिळाला, लेफ्टनंट थॉमस कँडी. दोघांनाही भाषेचा नाद. दोघांनी मिळून मराठी शब्द गोळा करायला सुरुवात केली. हे काम कुणी सांगितलेले नव्हते. ड्यूटी सांभाळून, स्वतःच्या हौसेने चाललेले काम होते.

थोडी कल्पना करा. इंग्रज माणसाच्या जिभेला 'ळ' आणि 'ण' जड जातात. 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांतला फरक त्याच्या कानाला पटकन कळत नाही. त्यात आपला सोलापूरचा मुलूख म्हणजे कन्नड भाषेच्या सीमेवरचा. इथली मराठी पुण्यासारखी नाही, कोकणासारखी तर नाहीच. अशा ठिकाणी हातात अधिकार असलेला माणूस ऐकणारा होतो, विचारणारा होतो, लिहून घेणारा होतो. आपली मुले इंग्रजी बोलायला लाजतात ना, त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. ज्याची भाषा बोलायला तुम्ही घाबरता, त्या साहेबालाही तुमची भाषा शिकताना पहिलीपासूनच सुरुवात करावी लागली होती.

कोश कसा तयार झाला?

पुढे या कामाला मुंबई सरकारची मान्यता मिळाली. थॉमस कँडी आणि त्यांचे भाऊ जॉर्ज कँडी हे दोघे मदतनीस झाले. आणि त्यांच्या बरोबरीने कामाला लागले इथले विद्वान शास्त्री-पंडित. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले ही त्यांतली काही नावे. हेच परशुरामपंत म्हणजे पुढे १८५४ मध्ये 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितांचा प्रसिद्ध संग्रह तयार करणारे. याच शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मोल्सवर्थ यांच्या कोशामागे या पंडितांचे फार मोठे कष्ट आहेत. कोशावर नाव एकाचे येते, पण शब्द अनेकांच्या तोंडून येतात.

कामाची पद्धत बघा, कारण आपला धडा इथेच आहे. पंडित लोकांमधून शब्द जमवून आणत. मग एकेक शब्द चर्चेला घेतला जाई. हा शब्द कुठे बोलतात? कोण बोलतात? याचा एकच अर्थ की चार अर्थ? कुठल्या शब्दाबरोबर तो येतो? अर्थाची खात्री झाली की मगच त्याला कोशात जागा.

१८३१ मध्ये हा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. विचार करा, ना संगणक, ना झेरॉक्स, ना वीज. सगळे हाताने लिहिलेले, हाताने क्रम लावलेले.

या कोशात शब्दापुढे नुसता अर्थ लिहिलेला नाही. शब्द पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी ते दिले आहे. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला, अरबीतून आला की हिंदुस्थानीतून, याच्या खुणा आहेत. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ते वेगवेगळे दिले आहेत. आणि 'पाणी', 'हात', 'डोळा' असे अगदी रोजचे शब्द काढून बघा, त्यांच्याखाली वाक्प्रचारांची लांबच लांब रांग दिसते.

ही रांग का लागते? समजा एखाद्या परक्या माणसाने 'पाणी' शब्दाचा अर्थ 'वॉटर' एवढाच पाठ केला. मग त्याच्या कानावर आले की अमक्याने तमक्याला कुस्तीत पाणी पाजले. त्याला वाटेल, वा, किती दयाळू माणूस, दमलेल्याला पाणी दिले! कुणी म्हणाले, त्याने जमिनीच्या हक्कावर पाणी सोडले. याला वाटेल, शेताला पाणी दिले असेल. तोंडाला पाणी सुटणे वेगळे, डोळ्यांत पाणी येणे वेगळे. शब्द एकच, पण बरोबरचा सोबती बदलला की अर्थ बदलतो. मोल्सवर्थ यांना हे नीट कळले होते.

नोकरी सोडली, शब्द सोडले नाहीत

मराठी-इंग्रजी कोशानंतर मोल्सवर्थ यांनी उलट्या दिशेचे काम हाती घेतले, इंग्रजी-मराठी कोश. म्हणजे आपली मुले ज्या दिशेने शब्द शोधतात त्या दिशेचा. पण प्रकृती साथ देईना. १८३० च्या दशकात ते इंग्लंडला परत गेले. धार्मिक विचारांमुळे त्यांना सैनिकाचा पेशाही पटेनासा झाला होता, म्हणून त्यांनी ती नोकरीही सोडली.

अर्धवट राहिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण केला. तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवात मोल्सवर्थ यांची, शेवट कँडी यांचा, असे त्या पुस्तकावरच नमूद आहे. सोलापूरच्या छावणीत जमलेली जोडी अशी शेवटपर्यंत एकमेकांच्या कामाला आली. हेच कँडी पुढे पुण्यात शिक्षणखात्याच्या कामात राहिले, मराठी शाळांची पुस्तके तपासू लागले. आज आपण मराठी लिहिताना जी विरामचिन्हे देतो, ती रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. मुलांना स्वल्पविराम शिकवताना त्यांची आठवण जरूर काढा.

पुन्हा भारतात

वीस वर्षांत कोशाच्या प्रती संपत आल्या, नवे शब्द डोळ्यांसमोर येऊ लागले. सरकारला नवी आवृत्ती हवी होती. १८५१ मध्ये मोल्सवर्थ पुन्हा भारतात आले. वय पंचावन्नच्या पुढे. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचे दिवस मोजायला लागतो. हे गृहस्थ पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसले. जुने अर्थ तपासले, नवे शब्द घातले.

१८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. शब्दसंख्या ४० हजारांवरून सुमारे ६० हजारांवर गेली. पाने नऊशेच्या वर. मुंबईच्या विल्सन कॉलेजशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या जॉन विल्सन यांनी तिच्यासाठी मराठी भाषेवर एक लेख लिहिला. पुढे काही वर्षांनी मोल्सवर्थ कायमचे इंग्लंडला गेले आणि तिथेच त्यांचे निधन झाले.

एवढा जाडजूड आणि महाग कोश सामान्य विद्यार्थ्याला कसा परवडणार? म्हणून बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. १९७५ मध्ये पुण्यातून मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले. आणि आता तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात तो मोबाईलवरसुद्धा फुकट बघता येतो. आजीच्या बोलण्यातला एखादा जुना शब्द त्यात शोधून बघा, मजा येते.

कोशात काय आले नसेल?

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना नुसती स्तुती करू नये. मोल्सवर्थ यांचे मदतनीस पंडित समाजाच्या एका थरातले, शिकलेले पुरुष होते. चुलीपाशी बायका काय बोलतात, मागावर बसलेला विणकर कुठला शब्द वापरतो, वस्तीवरची मुले खेळताना काय ओरडतात, हे सगळे त्यांच्यापर्यंत पोहोचले असेल का? जे पोहोचले ते कोशात आले. बाकीचे लोकांच्या तोंडातच राहिले.

आपल्या वर्गातली मुले नेमकी याच घरांतली आहेत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. या मुलाला आपण जेव्हा म्हणतो, "तुला शब्दच येत नाहीत," तेव्हा आपण चुकतो. त्याच्याकडे शब्द भरपूर आहेत. ते आपल्या यादीत नाहीत, एवढंच.

मग इंग्रजी शब्द कसे शिकायचे?

मोल्सवर्थ मराठी ज्या वाटेने शिकले, त्याच वाटेने आपली मुले इंग्रजी शिकू शकतात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

१) तोंडात असलेल्या शब्दापासून सुरुवात करा. यंत्रमागाच्या घरातले मूल 'धोटा' ओळखते. धोट्याला इंग्रजीत 'शटल' म्हणतात. धोटा काय करतो? इकडून तिकडे, तिकडून इकडे ये-जा करतो. म्हणून दोन ठिकाणांमध्ये सारखी ये-जा करणाऱ्या गाडीलाही 'शटल' म्हणतात. बॅडमिंटनचे 'शटल'सुद्धा जाळीच्या वरून इकडे-तिकडे फिरते. बघा, घरातल्या एका वस्तूने तीन अर्थ दिले. यातला एकही पाठ करावा लागला नाही. तसाच 'बीम'. मागावर ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ म्हणजे बीम. घर बांधताना गवंडी म्हणतो तोही बीम. आणि इंग्रजीत प्रकाशाच्या झोतालाही बीम म्हणतात. दोन अर्थ मुलाला आधीच येतात, तिसरा तेवढा आपण द्यायचा.

२) मराठीत आल्यावर शब्दाचा अर्थ बदलला का ते बघा. आपण 'हॉटेल'मध्ये चहा-भजी खायला जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः मुक्काम करायची जागा. आपण 'लाईट गेली' म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. इंग्रजीत 'लाईट' म्हणजे उजेड, दिवा, शिवाय वजनाने हलका, आणि क्रियापद म्हणून पेटवणे. आपण 'स्टँड'वर जातो ते एसटी पकडायला. इंग्रजीत 'स्टँड' म्हणजे उभे राहणेही. मुलांना हे फरक शोधायला फार आवडते.

३) शब्दाचा सोबती शिका. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो'. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे घेतो! आपण फोटो 'काढतो', इंग्रजीत तो 'टेक' करतात. आपल्याला स्वप्न 'पडते', इंग्रजीत ते 'हॅव' करतात. मुलाने 'गिव्ह' आणि 'एक्झाम' दोन्हींचे अर्थ बरोबर पाठ केले, तरी वाक्य मराठी वळणाचेच होते. म्हणून एकटा शब्द लिहून घेऊ नका. त्याच्या सोबत्यासह लिहून घ्या.

४) एका अर्थावर थांबू नका. 'रन' म्हणजे धावणे, हे सगळ्यांना येते. क्रिकेटमुळे धाव म्हणजे रन हेही येते. पण इंग्रजीत दुकानही 'रन' करतात, म्हणजे चालवतात. नळाचे पाणी 'रन' होते, सर्दी झाली की नाकही 'रन' होते! असा छोटा, रोजचा शब्द नीट शिकलेला मुलगा अवघड शब्दांच्या यादीपेक्षा जास्त बोलू शकतो.

वर्गासाठी उपक्रम : माझा छोटा कोश

शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम तिसरीपासून सातवीपर्यंत कुठल्याही वर्गात घेता येतो. खर्च काही नाही, एक जुनी वही पुरते.

• प्रत्येक मुलाने आठवड्यात फक्त पाच शब्द आणायचे. पुस्तकातून नाही, घरातून, दुकानाच्या पाटीवरून, साबणाच्या वेष्टनावरून, बसच्या तिकिटावरून, कारखान्यातून.
• शब्द कुणाकडून ऐकला किंवा कुठे वाचला ते लिहायचे.
• त्या माणसाने तो कुठल्या वाक्यात वापरला ते जसेच्या तसे लिहायचे.
• वर्गात गोल बसून एकेक शब्द चर्चेला घ्यायचा. हा शब्द अजून कुणी ऐकलाय? वेगळ्या अर्थाने ऐकलाय का? तुमच्या घरी याला तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत काय म्हणतात?
• सगळ्यांचे एकमत झाल्यावर अर्थ लिहायचा आणि मगच शब्दकोशात बघून तपासायचा. आधी विचार, मग कोश.
• शेवटी प्रत्येकाने तो शब्द वापरून स्वतःबद्दल एक इंग्रजी वाक्य बोलायचे. चुकले तरी बोलायचे.

बघा, ही पद्धत नवी नाही. मोल्सवर्थ, कँडी आणि शास्त्री मंडळी हेच करत होती. फरक एवढाच की तिथे पंडित बसत होते आणि इथे आपली चौथी-पाचवीची पोरे बसतील. आणि जे शब्द मागावरून, चुलीपाशून त्या पंडितांपर्यंत पोहोचले नसतील, ते ही पोरे घेऊन येतील.

पालकांना एक विनंती. मुलाने तुमच्या कामातला शब्द विचारला तर "तुला काय करायचंय" म्हणून त्याला हाकलू नका. दोन मिनिटे द्या. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. तुम्ही रोज जो टॉवेल, जी शिफ्ट, जे बॉबिन, जे बिल म्हणता, तेच तुमच्या मुलाच्या इंग्रजीचे पहिले पान आहे.

पाच शब्द आठवड्याला म्हणजे वर्षभरात साधारण दोनशे शब्द होतात. ६० हजारांपुढे ही संख्या लहान वाटेल. पण हे दोनशे शब्द मुलाने स्वतः ऐकलेले, विचारलेले आणि बोललेले असतील. ते चाचणीनंतर पुसले जाणार नाहीत.

मग या सोमवारपासून सुरू करायचे ना? तुमच्या वर्गात मुलांनी आणलेला सर्वांत मजेशीर शब्द आम्हाला नक्की कळवा. पुढच्या पाठात भाजीबाजारातले इंग्रजी शब्द घेऊ.